मदत हवी आहे: ओल लागलेल्या डीव्हीडी मध्यावर अडकतात

रत्नागिरीत रद्दीवाल्याकडे ‘भारत एक खोज’च्या (१९८८, श्याम बेनेगल, ५३ भाग) काही सुट्या डीव्हीडी मिळाल्या. वरची प्लॅस्टिकची कव्हरं चिकटलेली, कडेला पांढरट जाळं. कोकणातला पावसाळा, दुसरं काय!

आतापर्यंत केलेलं: कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसताना भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर चरा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि प्लेअरला चूक सावरता येत नाही. ॲसिटोन चालत नाही, चकती दुधाळ होते. जाळं गेलं, पण चित्र अजून बरोबर मध्यावर चौकोन-चौकोन होऊन थांबतं आणि थोडं पुढे ढकललं की सुरू होतं. या चकत्या ८.५ जीबीच्या, दोन थरांच्या. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, दुसरा कडेवरून परत आत. म्हणजे कडेचं नुकसान चित्रपटीच्या मधोमध दिसणार, हे पटतं.

प्रश्न असे:
उजेडासमोर धरल्यावर कडेला टाचणीएवढी भोकं दिसतात. दोन थरांमधला गोंद सुटून आतला चंदेरी, चकाकणारा थर खाल्ला गेला असेल तर पॉलिश करून उपयोग शून्य ना?
डीडीरेस्क्यूने (खराब चकतीवरून जमेल तेवढा डेटा उतरवून घेणारा प्रोग्राम) न वाचल्या जाणाऱ्या सेक्टरवर, म्हणजे चकतीवरच्या २०४८ बाइटच्या तुकड्यांवर, किती फेऱ्या द्याव्यात? तीन दिल्या, ड्राइव्ह तापला. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून तीच नोंद-फाइल (कुठले सेक्टर निघाले, कुठले राहिले याची) पुढे चालवली तर जास्त सेक्टर निघतात का?
आणि जूनच्या आधी डबा बंद करताना सिलिका जेल किती घालता?