नगदी पीक आले की धान्य जाते, असे नेहमीच नसते

गुंतवणूकदार मोठ्या मळ्यांसाठी जमीन घेतात आणि त्यांचे नगदी पीक शिरले की लहान शेतकऱ्याचे घरचे धान्य हटते, असे म्हटले जाते; पण हा मुद्दा पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे १९७४ साली स्थापन झालेली, मुख्यतः सरकारी मालकीची कापूस कंपनी बियाणे, खत आणि औषधे उधारीवर देते व माल घेताना ती रक्कम कापून घेते. ज्वारी-बाजरीसाठी अशी उधारी सहसा मिळत नाही. त्यामुळे कापसाच्या नावावर उचललेल्या खताच्या काही गोण्या मक्याच्या रानात रित्या होतात, आणि पुढच्या हंगामात कापसाच्या जागी पेरलेल्या धान्यालाही जमिनीत उरलेले खत लाभते. याच पट्ट्यातल्या सिकासो शहराचा परिसर कापसाइतकाच मक्यासाठी ओळखला जातो, यामागे हे एक मोठे कारण आहे.

खरा काच कर्जाच्या रचनेत आहे. उधारी गावातल्या गटाच्या सामाईक हमीवर मिळते. एकाचे पीक बुडाले की त्याची बाकी शेजाऱ्यांच्या कापसातून वळती होते, म्हणजे काटेकोर शेती करणाऱ्याच्या हातीही वजन झाल्यावर कमी पैसे पडतात (आणि गावातले संबंध बिघडतात ते वेगळेच). भाव घसरल्यावर २०००-०१ च्या हंगामात असंख्य शेतकऱ्यांनी कापूस पेरायलाच नकार दिला आणि देशाचे उत्पादन जवळपास निम्म्यावर आले. त्यांना हे पाऊल उचलता आले, कारण जमीन त्यांच्याच ताब्यात होती. गुंतवणूकदाराच्या मळ्यासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याकडे हा पर्याय उरत नाही.