सायकलला धडक बसली, पुढं काय केलंत? (अनुभव धागा : सातारा आणि आसपास)

उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही आणि डाव्या हाताने टाइप करायला वेळच वेळ आहे, म्हणून हा धागा काढतोय.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी सव्वासहाला कोरेगावच्या रस्त्यानं नेहमीची फेरी मारून परत येत होतो. संगम माहुलीच्या जरा अलीकडे मागून छोटा हत्ती आला आणि त्याच्या आरशानं मला थेट चारीत टाकलं. कॉलरबोन मोडलं, प्लेट बसली, एक लाख चाळीस हजार गेले. चालक थांबला, पाणी पाजलं, नंबर दिला आणि म्हणाला, "दादा, मिटवून टाकू. केस कशाला?" मलाही तेव्हा तेच बरं वाटलं. दवाखान्याच्या काउंटरवर विचारलं, "काय झालं?" माझ्या मित्रानं घाईत सांगितलं, "सायकलवरून पडला." ते इंग्रजीत जसंच्या तसं केसपेपरवर उतरलं. चालकानं आठवडाभर फोन घेतला, मग बंद केला. आम्ही पोलिसांत गेलो नवव्या दिवशी. आता तो म्हणतो, माझी गाडी तिथं नव्हतीच.

ज्यांनी भरपाई मागितली, ज्यांना मिळाली, मिळाली नाही किंवा ज्यांनी अर्ध्यात सोडून दिली, त्या सगळ्यांनी लिहा. दवाखाने, विमा कंपन्या, पोलीस ठाणी यांची नावं नकोत. सल्ल्यापेक्षा काय घडलं ते सांगा. (राहवलंच नाही तर सल्लाही चालेल, आपण सातारकर आहोत.)

नववीतल्या मुलीची आई, करंजे

मुलगी शाळेतून येत होती. गल्लीतलाच सोळा वर्षांचा मुलगा वडिलांची स्कूटर घेऊन समोरून आला. तिचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला. मी पोचले तेव्हा ती रसवंतीच्या बाकावर बसली होती आणि दात रुमालात होता. डेंटिस्टना फोन केला तर म्हणाले, "घासू नका, धुऊ नका, दुधात टाका आणि ताबडतोब या." शेजारच्या डेअरीतून पिशवी आणली. रसवंतीच्या काचेच्या ग्लासात दूध, त्यात तो दात, आणि रिक्षात तो ग्लास मी दोन्ही हातांनी धरलेला. दात परत बसला. नंतर रूट कॅनॉल झालं. मोठी झाली की इम्प्लांट लागेल असं सांगितलंय.

त्या मुलाची आई दरवर्षी माझ्याकडे गौरीच्या हळदीकुंकवाला यायची. संध्याकाळी वडील पाकिटात पाच हजार आणि टाइप केलेला स्टॅम्पपेपर घेऊन आले : पुढे कसलीही तक्रार नाही. आमच्याकडचे मोठेही म्हणाले, शेजाऱ्यांशी कशाला वाकडं. मी सही केली नाही. पोलिसांत एकानं विचारलं, "ताई, दात म्हणजे काय मोठी दुखापत?" तर हो, मोठीच. कायद्यात हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही गंभीर दुखापत आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२० होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ११६ आहे.

वडील घाबरले ते वेगळ्याच गोष्टीला. मुलाकडे लायसन नव्हतं. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) बहुधा विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. शिवाय अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकांवर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार वेगळा गुन्हा. शेवटी लोकअदालतीत एक लाख पस्तीस हजारांवर मिटलं. पैसे मुलीच्या नावावर, ती अठरा वर्षांची होईपर्यंत मुदत ठेवीत.

म्हणजे मिटवलं आम्हीही. फक्त न्यायाधीशांसमोर, आणि दाताचा पुढचा खर्च धरून. हळदीकुंकू मात्र बंद झालं ते झालंच.

कोडोली

मला कुत्रं आडवं आलं. गुडघा फुटला, दोन टाके. भरपाई कुणाकडं मागू? कुत्र्याला मालक नाही. वाचायला बसलोय, चालू द्या.

मुलगा, एमआयडीसीजवळच्या गावातून

वडील सेकंड शिफ्ट करून साडेअकराला सुटायचे. बावीस वर्षं सायकल. हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्यांना कुणीतरी उडवलं आणि गेलं. पहाटे दूधवाल्याला दिसले. मागच्या चाकाचा आठ झाला होता. डबा मात्र हँडलला तसाच, झाकणसुद्धा निघालं नव्हतं. तो डबा आई अजून कुणाला वापरू देत नाही.

एफआयआर अज्ञात वाहनावर झाला. पोलिसांनी दोन हॉटेलांचे कॅमेरे पाहिले. एकाचं फुटेज पुसलं गेलेलं, दुसऱ्यात नुसते दिवे. काही महिन्यांनी 'अ' समरी झाली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. आम्हाला वाटलं, संपलं. गाडीच नाही तर विमा कुणाचा?

नात्यातल्या एका तलाठ्यानं सांगितलं तेव्हा कळलं की पळून गेलेल्या वाहनासाठी केंद्राची वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्याआधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज कोर्टात करायचा नसतो. तो प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा, ते चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. एफआयआर, पोस्टमॉर्टेम, वडील आणि अर्जदार दोघांची ओळखपत्रं आणि बँकेचं पासबुक लागलं. ज्या टेबलावर मी पहिल्यांदा गेलो तिथं ही योजनाच माहीत नव्हती. त्यांनी मला शेतकरी अपघाताच्या योजनेचा फॉर्म दिला. दुसऱ्या वेळी मी राजपत्राची प्रिंट घेऊनच गेलो. नियमात एक महिना, पंधरा दिवस असं सगळं लिहिलंय. आम्हाला अकरा महिने लागले. पुढं कधी ती गाडी सापडली आणि तिच्याकडून भरपाई मिळाली, तर हे दोन लाख त्यातून वळते होतात.

यापेक्षा मोठी गोष्ट आम्ही जवळजवळ घालवली होती. वडिलांच्या पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जायचं. कंपनीतून उत्तर आलं, "गेटच्या बाहेर झालंय, आमचा संबंध नाही." पण ईएसआय कायद्यात २०१० साली कलम ५१-ई आलं. कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामावरचाच धरतात. शिफ्ट सुटल्याची पंचिंगची नोंद आणि पंचनाम्यातली जागा यावर आमचं ठरलं. आईला आता महिन्याला पैसे येतात. ज्यांच्या घरी पगारपत्रक असेल त्यांनी तो कपातीचा रकाना आज रात्री बघा.

भाचा, मसूर

मामा दुधाचा रतीब घालायचे, सायकलला दोन्हीकडं कॅन. डिसेंबरात पहाटे साडेचारला उसाची दोन ट्रेलरवाली गाडी रस्त्यातच उभी. टायर गेलेला, चाकाखाली धोंडे लावून ड्रायव्हर झोपलेला. ना रिफ्लेक्टर, ना लाल फडकं. मामा मागनं जाऊन धडकले. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला.

पहिल्या जबाबात काय लिहिलं असंल? "सायकलस्वार स्वतःच्या हयगयीने उभ्या वाहनास धडकला." म्हंजे गुन्हेगार आमचे मामाच!

मी उजाडायच्या आत तिथं पोचलो होतो. मोबाइलवर बारा-तेरा फोटो काढले. ट्रेलरचं मागचं फळकुट, त्यावर रिफ्लेक्टर नाही ते स्वच्छ दिसतंय. चाकाखालचे धोंडे. डांबरावर पांढरा पाट आणि तो चाटायला आलेली कुत्री. (कोडोलीकर, तुमचंच भाऊबंद असणार.) त्या फोटोंवर पंचनामा परत लिहून घेतला. त्यासाठी ठाण्यात तीन दिवस नुसता बसून होतो.

ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रेलरचा नव्हता. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन, त्याचा विमा वेगळा, म्हणून कंपनीनं हात वर केले. कराडला दावा चालला चार वर्षं. हिशेब कसा होतो ते सांगतो, कारण आम्हाला आधी कुणी सांगितला न्हवता. मामांचं वय ४३, कमाई महिन्याला १२,००० धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नास, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के धरून १५,०००. वर्षाचे १,८०,०००. वर्षाची कमाई किती पट धरायची हे वयावर ठरतं, त्याला गुणक म्हणतात. त्या वयाचा गुणक १४, म्हणजे २५,२०,०००. डॉक्टरी दाखल्यात पायाचं अपंगत्व ३० टक्के, पण कोर्ट बघतं की त्यानं कमाई किती घटली. ती १५ टक्के धरली. झाले ३,७८,०००. शिवाय दवाखान्याची बिलं, वेदनेचे, खुराकाचे वेगळे. मग सगळ्यातून ३० टक्के कापले. का, तर मामांच्या सायकलला दिवा न्हवता. कंपनीनं आधी भरायचे आणि ट्रॅक्टरमालकाकडनं वसूल करायचे, असा निकाल.

कॅनला हेलकावा बसला की पाय थरथरतो, म्हणून मामा आता रतीब घालत नाहीत. दीडशे रुपयांचा दिवा न्हवता. म्हशी निम्म्या राहिल्यात.

शनिवार-रविवारवाला, शाहूपुरी

यवतेश्वर घाटात, कासच्या फुलांच्या हंगामात, फोटोसाठी थांबलेल्या गाडीचं दार उघडलं आणि मी त्यात शिरलो. मला खरचटलं, सायकलचं कार्बन फ्रेम चिरलं. "सायकलच ना? घ्या तीन हजार." घेतले. नंतर कळलं की दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात येतं, खासगी कारला साडेसात लाखांपर्यंत. पण सायकल सेकंडहँड घेतलेली, पावती नाही. फ्रेम भिंतीवर टांगलीय. बायको तिला तीन हजारांची शोपीस म्हणते.

निवृत्त, वकिलांकडे तीस वर्षं कारकुनी, सदरबझार

धागा काढणाऱ्यांसाठी मुख्यतः लिहितो.

तुमचे चार महिने गेले. अपघात १ एप्रिल २०२२ नंतरचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वी ती नव्हती, म्हणून लोक अजून "सावकाश टाकू" म्हणतात. सावकाश नाही. अपघाताची जागा, तुमचं राहतं ठिकाण किंवा समोरच्याचं राहतं ठिकाण, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात टाकता येतो. कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. तुमचं हाड मोडलंय, म्हणजे गंभीरच. दोन्हींतलं कुठलं, ते वकिलांबरोबर बसून ठरवा. पण दोन्हीकडं ती गाडी तिथं होती एवढं दाखवावंच लागेल.

केसपेपरवरचा शब्द बदलून आणायला जाऊ नका. खाडाखोड दिसली की समोरचा वकील तीच धरून बसतो. "पडला" या शब्दाला घाबरू नका. पडलात हे खरंच आहे, धडक बसून पडलात एवढंच लिहायचं राहिलंय. ते तुमच्या मित्राच्या जबाबात येऊ दे. उशिरा तक्रार दिली म्हणून दावा आपोआप पडत नाही, पण नऊ दिवस का लागले याचं कारण लागतं. ऑपरेशन झालं हे पुरेसं कारण आहे. चालकानं आठवडाभर तुमचे फोन उचलले ना? ते कॉल रेकॉर्ड काढा. जो माणूस तिथं नव्हताच, तो तुमच्याशी सात दिवस काय बोलत होता?

मेडिक्लेम मिळाला असेल तर तो भरपाईतून वजा होत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये तसं ठरवलंय. आणि दवाखान्याच्या दारात "तीस टक्क्यांवर केस लढतो" म्हणणारा भेटला तर चहाही घेऊ नका. वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा घ्यायची मुभा नाही. पैसे तुमच्याच खात्यात आले पाहिजेत.

कोडोलीकर, कुत्र्याचं काही होणार नाही. बैलगाडी धडकली असती तरी या न्यायाधिकरणात दावा झाला नसता, तिथं मोटार वाहनच लागतं.

धागा काढणारा

आत्ता फोन उघडून बसलो. जुने कॉल शोधले. त्या आठवड्यात त्याच्याशी अकरा वेळा बोललोय, एकदा सोळा मिनिटं. आणि एक व्हॉट्सॲप सापडलं, तिसऱ्या दिवशीचं, ते मी पार विसरलो होतो : "दादा आरसा नवीन बसवला ८५० गेले तुमी कसे आहात". मित्राला सोमवारी रजा टाकायला सांगितलंय.