जाळीच्या शालीला घोंगडीची लोकर चालेल का?

विणीची_आवड, सोलापूर
भाचीच्या लग्नात द्यायला न रंगवलेल्या खऱ्या लोकरीची जाळीदार शाल विणायची आहे, साधारण ५० × १७० सेंमी. इकडे दख्खनी मेंढीची लोकर सहज मिळते. ती घेऊ का? सुया कितीच्या, टाके किती?

दोन_सुया
दख्खनी लोकर घोंगडीलाच. तंतू जाड आणि केसाळ, मानेला टोचेल, जाळीची भोकंही बुजतील. बारीक मेरिनो घ्या, १०० ग्रॅमला सुमारे ८०० मीटर भरणारी. दुकानात ‘लोकर’ म्हणून बऱ्याचदा अॅक्रिलिकच पुढे करतात. टोक जाळून बघा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो नि राख चुरते, अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

सुया ८ नंबर (४ मिमी). टाके ९६: कडेचे ३-३ नेहमी सुलट, मध्ये १८ चे ५ भाग. ओळ १ सुलट, २ उलट. ओळ ३, प्रत्येक भागात: दोन टाके एकत्र ३ वेळा; सुईवर धागा घेऊन एक सुलट, असं ६ वेळा; पुन्हा दोन एकत्र ३ वेळा. ओळ ४ सुलट. याच चार ओळी पुन्हा पुन्हा. ही स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची जुनी लाटांची वीण. आधी ३६ टाक्यांचा नमुना विणून, धुऊन, ताणून वाळवा आणि मगच रुंदी मोजा.

लडी_गुंडी
ताई, दर १२ ओळींनी ओळ १ झाली की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. टाका सुटला तर उसवण तिथेच थांबते. भागात १७ टाके भरले, तर बहुतेक वेळा सुईवर घेतलेला धागा निसटलेला असतो. शेवटी टाके ६ नंबरच्या, म्हणजे ८ पेक्षा जाड, सुईने सैल बंद करा. घट्ट झाले तर ती कड ताणली जात नाही आणि शाल एका बाजूला आखडते.

विणीची_आवड
धुवायची कशी? आणि ताणायची किती?

दोन_सुया
कोमट पाण्यात थोडा शांपू, २० मिनिटं नुसती बुडवून ठेवा. चोळलीत किंवा गरम-गार पाणी केलंत की लोकर आटून घट्ट नमदा झालाच म्हणून समजा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर घालून, लाटेच्या प्रत्येक टोकाला स्टीलची टाचणी मारत मापापर्यंत ताणा. पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नका. सोलापूरचं ऊन कडक म्हणून गच्चीवर नेऊ नका, पांढरी लोकर उन्हाने पिवळी पडते. पंख्याखाली वाळू द्या.

लडी_गुंडी
हँगरला कधीच नको, लोंबून लांबते. ठेवताना धुऊनच ठेवा, घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर कसर आधी लागते.