शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट: सगळं पाहायचं की चारच चित्रं?

मिशिगनकाठची

गेल्या महिन्यात आई-बाबा आले होते, त्यांना मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेलं. दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना नेलं तेव्हा दारातल्या ब्राँझच्या सिंहांपासून सुरुवात करून चार तासांत जमतील तेवढी दालनं पालथी घातली होती. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सगळं छान होतं गं, पण आता काहीच आठवत नाही." ते मला फार लागलं.

म्हणून या वेळी ठरवून चारच चित्रं दाखवली. बाक असेल तिथे बसायचं, चित्राशेजारची पाटी शेवटी वाचायची.

पहिलं गुस्ताव्ह कायबोतचं, १८७७ सालचं पॅरिसमधल्या पावसाळी रस्त्याचं. माणसं जवळजवळ खऱ्या मापाची आहेत. बाबा रत्नागिरीचे. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "यानं पाऊस काढलाच नाहीये. एक थेंब नाही. नुसते दगड ओले केलेत." मी ते चित्र दहा वेळा तरी पाहिलं असेल, कधी लक्षात आलं नव्हतं! छत्र्या उघड्या आहेत, फरसबंदीवर पिवळट चकाकी आहे, पण पावसाची एक रेघ नाही. मग त्यांनी उजव्या कडेचा पाठमोरा, अर्धा कापलेला माणूस दाखवला: "हा आता यांच्या छत्रीला धडकणार."

जॉर्ज सराचं 'ग्रांद जात बेटावरचा रविवार' दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. आई आधी अगदी जवळ गेली, गवतातले नारिंगी-निळे ठिपके पाहिले, मग मागे मागे येत राहिली. शेवटी म्हणाली, "एवढ्या गर्दीत ती पांढऱ्या फ्रॉकमधली पोर तेवढी आपल्याकडे बघतेय."

संग्रहात तीन लाखांच्या आसपास वस्तू आहेत. त्या सगळ्या पाहणं कुणालाच शक्य नाही. मग धावायचं कशाला? माझं मत पक्कं आहे: चारच पाहा.

नेपरव्हिलकर

असहमत. ती चार कोणती, हे तुम्ही ठरवलंत. आई-बाबांनी नाही.

माझ्या वडिलांनी उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम केलं. त्यांना मी मोने, व्हॅन गॉग, हॉपर असं करत वरचे मजले दाखवत होतो. ते पाहत होते, पण डोळ्यांत काही दिसत नव्हतं. तळघरात थॉर्न मिनिएचर रूम्स आहेत, एका फुटाला एक इंच या मापाने केलेल्या ६८ छोट्या खोल्या. तिथे ते काचेला नाक लावून उभे राहिले. बोटभर खुर्चीचे वळणदार पाय, कपाटाचे खण. "याच्या आतला सांधा कसा केला असेल?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं. तुमच्या हिशेबाने गेलो असतो तर ती खोली आमच्या यादीत आलीच नसती. ज्यांचं पुन्हा येणं होणार नाही, गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यापुढे आधी सगळं मांडा. कुठे थांबायचं ते त्यांचं त्यांना कळतं.

कुंचला

माझी तक्रार वेगळी आहे. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ओंजळीतल्या ज्योतीचा उजेड बोटांतून लालसर झिरपतो. आपली माणसं म्हैसूरला जातात आणि चित्रकार आपल्याकडचा हेही त्यांना ठाऊक नसतं. आणि सराचे ठिपके मात्र पाठ!

बरं, त्याच आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नागपट्टणमचा ग्रॅनाइटमधला ध्यानस्थ बुद्ध आहे. याच वास्तूत ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले. २०१० साली मुंबईच्या जितीश कलाट यांनी तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. तुमच्या चारांत यातलं एकही का नाही?

मिशिगनकाठची

नेपरव्हिलकर, खोल्यांचं वाचून गप्प झाले. बाबांना निवडू द्यायला हवं होतं, हे मान्य.

कुंचला, तुमचं मात्र पटत नाही. 'आपलं' आणि 'त्यांचं' ही वाटणी चित्रकारांनी स्वतः कधी केली? जे. जे.त तैलरंग आणि समोर माणूस बसवून चित्र काढायची शिस्त आली ती युरोपातूनच. सयाजीरावांनी बडोद्यात चित्रदालन उभारलं, ते १९२१ साली खुलं झालं, त्यात युरोपियन चित्रं मुद्दाम आणवली. इथल्या माणसाने ती पाहावीत म्हणूनच ना? बुद्धासमोर मीही बसते. पण कायबोतच्या ओल्या दगडांत बाबांना रत्नागिरी दिसली असेल, तर ते चित्र त्यांचंही झालं.

खडू-फळा

तालुक्याच्या शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना व्हॅन गॉगची 'बेडरूम' दाखवायची ती पोस्टकार्डाएवढ्या छपाईतून. "निळ्या भिंती, पिवळा पलंग, बघा कसे विरोधी रंग," असं दर वर्षी सांगायचो.

लेकीकडे आलो तेव्हा ती प्रत्यक्ष पाहिली. रंग इतका जाड की बाजूने पाहिलं तर फटकाऱ्यांच्या कडा वर आलेल्या दिसतात. आणि मग कळलं की त्या भिंती मुळात जांभळ्या होत्या. रंगातला तांबडा अंश काळाच्या ओघात उडाला, म्हणून आज निळ्या दिसतात. तीस वर्षं मी पोरांना उडालेला रंग शिकवत होतो. फार वाईट वाटलं.

म्हणून बाई, चार चित्रं हे पटलं, पण पाटी शेवटी वाचायची हे नाही. ठाऊक झाल्यावर मी परत वळलो आणि मनातल्या मनात त्या भिंती जांभळ्या करून पाहिल्या. पलंगाचा पिवळा एकदम पेटला. ठाऊक नसतं तर नुसता निळा पाहून पुढे गेलो असतो.

मिशिगनकाठची

सर, मग बाबांनी पाटी आधी वाचली असती, तर थेंब नसल्याचं त्यांचं त्यांना दिसलं असतं का? मला नाही वाटत. बेडरूम मात्र या शनिवारी जाऊन पुन्हा पाहणार.

कुंचला, आई-बाबा डिसेंबरमध्ये म्हैसूरला जाणार आहेत. हळदणकरांच्या चित्राचं बाबांना फोनवर सांगितलंय, पाटीचं काही बोलले नाही. त्यांच्यासोबत आत्याही असेल, तिला फार वेळ उभं राहवत नाही. त्या चित्रासमोर बसायला जागा आहे का?