तीन महिन्यांचे ड्रेडलॉक्स, मुळं सैल पडताहेत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये गोव्यात, हरमलला, ड्रेडलॉक्स करून घेतले. म्हणजे उलटा कंगवा मारून गुंतवलेल्या आणि क्रोशाच्या सुईनं दोरीसारख्या आवळलेल्या ३८ बटा. माझे केस सरळ आणि बारीक, त्यामुळे मुळाशी दोन बोटं नवे केस मोकळेच वाढलेत.

०.७५ मिमीची सुई आणली, पण आत घातली की केस तुटल्याचा बारीक आवाज येतो आणि हात थांबतो. कानामागची एक बट तर मुळाशी उदबत्तीच्या काडीएवढी उरली आहे. ती शेजारच्या बटेत जोडून टाकू का? सुई महिन्यातून किती वेळा चालवावी, की मुळं नुसती तळहातात वळत राहावीत? मेण लावणार नाही, ते आत साठून धूळ धरतं.

शिवाय पुण्याचा पाऊस. धुतल्यावर आतपर्यंत वाळायला रात्र जाते, कुबट वास येतो. ड्रायर गार हवेवर रोज चालेल का?

आई याला जट म्हणते आणि घाबरते. हौसेनं केलंय, आठवड्याला धुते, हे तिला समजावतेच आहे. सरळ केसांवर ज्यांनी पहिलं वर्ष काढलंय, त्यांनी कृपया सांगा. ती कानामागची बट मला गमवायची नाही.