हिवाळ्यातली दिवसभराची भटकंती: चालण्याचा वेग वेगवेगळा असलेल्या मित्रांनी एकत्र कसे चालावे?

रानवाट (प्रश्न)

येत्या हिवाळ्यात आम्ही सहा मित्रमैत्रिणी शेतांमधून आणि माळावरून जाणारी सुमारे १६ किलोमीटरची वाट एका दिवसात चालणार आहोत. वाटेत एकूण ३०० मीटरच्या आसपास चढ आहे आणि त्या तारखेला दिवस जेमतेम दहा तासांचा असेल. आमच्यापैकी दोघे नियमित डोंगर चढतात, दोघांना एवढे अंतर चालण्याची सवय नाही आणि उरलेले दोघे यांच्या मध्ये कुठेतरी आहेत. उन्हाळ्यात पुढच्यांनी सावलीत बसून मागच्यांची वाट पाहिली तरी काही बिघडत नाही. थंडीत मात्र थांबणारा गारठतो, आणि तो गारठू नये म्हणून घाई केली तर मागच्याची दमछाक होते. नुसते पोहोचणे हा आमचा हेतू नाही, बोलत आणि पाहत चालता यावे अशी मनापासून इच्छा आहे. किती वाजता निघावे, आणि सर्वांनी खरोखर एकत्र राहावे यासाठी काय करावे?

माळकरी

वेळेच्या अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. त्याच्या आजच्या रूपानुसार दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ३०० मीटर चढासाठी अर्धा तास मिळवावा. तुमच्या वाटेला हा हिशेब लावला तर सुमारे पावणेचार तास येतात, परंतु ते तंदुरुस्त माणसाने बऱ्या वाटेवरून न थांबता चालल्याचे आहेत. चिखल, नांगरलेले रान आणि सवय नसलेले दोन सोबती लक्षात घेता मी त्यात निम्मी भर घालेन आणि विश्रांतीसाठी आणखी एक तास ठेवेन, म्हणजे साडेसहा तासांच्या पुढे जाईल. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचे ठरवून उलटी मोजणी केली, तर सूर्योदयानंतर तासाभरात निघणे उत्तम. रात्रभर गोठलेली जमीन सकाळी टणक असते आणि ऊन चढल्यावर तिचाच चिखल होतो, हेही लवकर निघण्याचे एक कारण आहे.

दवबिंदू

वरील हिशेब मला मान्य आहे, पण वाटेचा पहिला टप्पा सखल भागातून जात असेल तर थोडी सावधगिरी हवी. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते, थंड हवा जड असल्यामुळे उतरत जाऊन खोलगट भागात साचते आणि तिथेच धुके धरते. असे धुके बहुधा सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत दाट असते, आणि तापमानाचा नीचांकही सहसा त्याच वेळी असतो. अशा दिवशी दरीतून पहाटे निघून वाट शोधत बसण्यापेक्षा, शक्य असल्यास उंचावरच्या टोकाकडून सुरुवात करावी. आणखी एक विनंती अशी की, गोठलेले दव असलेल्या कोवळ्या पिकावर किंवा गवतावर पाय देऊ नये. गोठलेली पाती पायाखाली मोडतात. बांधाच्या कडेने एका ओळीत चालावे.

लोकरी थर

तुमच्या प्रश्नाचे मर्म थांबण्यात आहे, म्हणून मी त्याविषयीच लिहितो. चालताना शरीर विश्रांतीच्या कित्येक पट उष्णता निर्माण करते आणि थांबताच ती घटते. त्यात कपडे घामाने भिजलेले असतील तर अंग झपाट्याने गार होते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे निघताना किंचित थंडी वाजत असेल इतकेच कपडे घालावेत, घाम येण्याआधी एक थर काढावा, आणि थांबल्याबरोबर, गारठण्याची वाट न पाहता, जाड कोट चढवावा. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो ओल धरून ठेवतो. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा चालेल.

वेगाच्या बाबतीत, सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवावे, सर्वांचे जादा सामान तुमच्या डोंगर चढणाऱ्यांच्या पाठीवर द्यावे आणि त्यांपैकी एकाने कायम शेवटी चालावे. पुढचे थांबतात, मागचा धापा टाकत येऊन पोहोचतो आणि त्याच क्षणी सर्व जण उठून निघतात, हा प्रकार मला अत्यंत अन्यायाचा वाटतो, कारण ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही. थांबा शेवटचा माणूस आल्यापासून मोजावा. तो लहान असावा, दहा मिनिटांपेक्षा मोठा नको, आणि वाऱ्याच्या आडोशाला घ्यावा.

एकमेकांना ओळखणाऱ्या मित्रांचा इथे मोठा आधार असतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याच्या सुरुवातीला माणूस कुडकुडतो, अडखळतो, त्याचे शब्द जड होतात, त्याला साधी चेनही लावता येत नाही, आणि हे सारे त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. एरवी सतत बोलणारा सोबती गप्प झाला आहे, हे अनोळखी माणसाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. अशा वेळी त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे बदलावेत आणि तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर गरम, गोड पेय द्यावे. त्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा कुडकुडणे थांबूनही तो सुस्तावत गेला, तर तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

रानवाट

तिघांचेही मनापासून आभार. आम्ही उंचावरच्या टोकाकडून निघू. एकच शंका उरली आहे: उशीर होत आहे असे दिसल्यास निर्णय केव्हा घ्यावा?

माळकरी

निघण्याआधीच घ्यावा. निम्म्या अंतरावरचे ठिकाण आणि तिथे पोहोचण्याची शेवटची वेळ सर्वांनी मिळून ठरवावी, तसेच तिथून रस्त्यावर उतरणारी जवळची वाट नकाशावर पाहून ठेवावी. ती वेळ टळली तर चर्चा न करता त्या वाटेने उतरावे. दमलेल्या सोबत्याला 'तुझ्यामुळे' असे ऐकावे लागू नये, म्हणून हा नियम आधी ठरलेला बरा. तरीही प्रत्येकाकडे स्वतंत्र हेडटॉर्च असावा, आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटत असल्यामुळे मोबाइल कोटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा.