लग्नपत्रिकेत इंग्रजी नावे इटॅलिक घेतली, तर देवनागरीही तिरपी करावी का?

प्रश्न (महाल, नागपूर)
नमस्कार. धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका मी घरीच संगणकावर जुळवत आहे. इंग्रजी नावांना ‘ईबी गॅरमंड’ या फॉन्टचे इटॅलिक लावले आणि ती फार देखणी दिसू लागली. मेळ बसावा म्हणून मराठी मजकूरही तिरपा केला, तर ‘चि. सौ. कां.’पासून खालचा सगळा भाग वाऱ्याने कलल्यासारखा दिसतो. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर (इतवारी)
आपली फॉन्टची निवड उत्तम आहे. अडचण मराठी तिरपे करण्यात आहे. खरे इटॅलिक म्हणजे उभे अक्षर ढकलून कलते केलेले नव्हे, तर लेखणीच्या भरभर चालणाऱ्या वळणावरून घडवलेले स्वतंत्र अक्षर. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफ्फो यांनी ते प्रथम घडवले आणि १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचे अख्खे पुस्तक त्यात छापले गेले. कॅपिटल अक्षरे तेव्हा उभीच होती. आपल्या फॉन्टमधले इटॅलिक रोबेर ग्रांजों यांच्या सोळाव्या शतकातील अक्षरांवर बेतलेले आहे. त्यातला लहान ‘ए’ निरखून पाहावा: उभ्या वळणात त्याच्या डोक्यावर असलेली आकडी इथे गळून पडते आणि नुसते पोट व दांडी उरते. ‘एफ’ची शेपटी ओळीखाली उतरते, आणि अक्षर संपताना निघालेली बारीक रेघ पुढच्या अक्षराकडे झेपावते. नावे देखणी दिसतात ती यामुळे. संगणक देवनागरी तिरपी करतो तेव्हा असे नवे काहीच घडत नाही. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो आणि वेलांटी, रफार शेजारच्या अक्षरावर झुकतात. माझे वडील छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवत असत. मराठीत शब्द उठून दिसायला हवा असेल, तर ते जाड किंवा मोठ्या टाइपाचे खिळे घेत.

उत्तर (धरमपेठ)
वरील मत पटते. हात न उचलता लिहिण्याचे वळण आपल्याकडे मोडीत होतेच, पण ती वेगळी लिपी असल्याने पत्रिकेत तिचा उपयोग नाही. माझी विनंती एवढीच, की इटॅलिक वधूवरांच्या नावांपुरते ठेवावे. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता यावेत, म्हणून ते उभ्या अक्षरात असावेत. सगळी नावे कॅपिटलमध्ये लिहू नयेत, कारण इटॅलिकचा सगळा डौल लहान अक्षरांतच असतो. सोनेरी फॉइल वापरणार असाल तर फॉन्टचे मीडियम वजन, म्हणजे जरा जाड रेघांचे अक्षर घ्यावे. पुतण्याच्या पत्रिकेत खरखरीत कागदावर बारीक रेघा जागोजागी तुटल्या होत्या आणि पाहुण्यांना नाव अंदाजाने वाचावे लागले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मराठी उभी केली, फक्त नावे जाड ठेवली. आता इंग्रजी नावे मराठीशेजारी लहान वाटत होती, म्हणून ती दोन पॉइंटांनी वाढवून घरच्या प्रिंटरवर एक प्रत काढली. आईने ती हातभर लांब धरून मुहूर्तापर्यंत सगळी वाचली.